मोजकाठी

माझं काम नापास करण्याचं आहे. माणसांना नाही, मालाला. पण ज्याचा माल नापास होतो तो माणूस ते स्वतःवरच घेतो. कारखान्याच्या मागच्या अंगाला एक थंड खोली आहे, तिथे मी बसतो. खोली थंड ठेवावी लागते, कारण उकाड्याने धातू फुगतो आणि माप खोटं येतं. यंत्रावरून उतरलेले दांडे, कड्या, दट्टे माझ्यापुढे येतात. मी ते मोजतो आणि केसभर जरी फरक निघाला तरी लाल खडूने फुली मारतो. बावीस वर्षं हेच चाललं आहे. तिथे मला सगळे ‘सूतमास्तर’ म्हणतात, कारण मी एक सूतही सोडत नाही. हे तोंडावर, पाठीमागे काय म्हणतात ते इथे लिहिण्यासारखं नाही. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही, उलट थोडी ऐटच होती.

हे आधीच सांगून टाकतो. पुढे जे झालं ते माझ्या नकळत झालं, असं म्हणायची मला सोय राहू नये.

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या आणि एक अरुंद गॅलरी. त्या गॅलरीत माझं सुतारकाम चालतं. धातू पोटासाठी, लाकूड हौसेसाठी. एक रंधा, दोन करवती, पटाश्या, कानशी, सरसाचा डबा आणि एक डुगडुगतं टेबल, एवढाच पसारा. बायको कपडे उसवून पुन्हा मापात शिवून देणाऱ्या दुकानात काम करते. रविवारी सकाळी गिऱ्हाईक जास्त, म्हणून तिला रविवारची सकाळ दुकानात काढावी लागायची. मग घरात मी आणि टिल्ली, दोघंच.

टिल्ली म्हणजे आमची मुलगी. जन्मली तेव्हा माझ्या दोन तळव्यांत मावली, म्हणून मी तिला टिल्ली म्हणालो आणि तेच चिकटलं. शाळेतलं नाव वेगळं आहे, पण त्या नावाने हाक मारली तर ती मागे वळूनही बघत नाही. रविवारी उठल्या उठल्या ती गॅलरीत यायची आणि विचारायची, “आज काय करायचं?” जसं काही आम्ही दोघं एका कारखान्याचे मालक. तिला करवत द्यायची नाही, पॉलिश पेपर द्यायचा, असं ठरलं होतं. ती तो कागद असा घासायची की लाकडापेक्षा तिची बोटंच जास्त गुळगुळीत व्हायची. आम्ही एक होडी केली, ती बादलीत सोडल्यावर एका कुशीवर झोपली. एक डबा केला, त्याचं झाकण अजून बसत नाही. बाहुलीसाठी खाट केली, तर बाहुलीचे पाय बाहेर. टिल्लीने खाटेकडे पाहिलं, बाहुलीकडे पाहिलं आणि खडू घेऊन बाहुलीच्या पोटावर फुली मारली. मी इतका हसलो की पलीकडच्या गॅलरीतल्या बाईंनी डोकं बाहेर काढलं.

ती साडेतीन वर्षांची झाली तेव्हा मी मोजकाठी केली. जुन्या कपाटाची एक सरळ शिरांची फळी होती, ती तासून तासून हात फिरवला तर काही लागणार नाही अशी केली. वर पन्नासपासून दीडशेपर्यंत सेंटीमीटरच्या आणि त्यांच्या मधल्या मिलिमीटरच्या रेघा शाईने ओढल्या. पन्नासच्या खाली नुसतं लाकूड ठेवलं, कारण तेवढं मूल काठीपाशी उभं राहणार नव्हतं. या रेघा ओढायला तीन रविवार गेले. डोक्यावर टेकवायला एक सरकती फळी बसवली. कारखान्यातली प्रमाणित पट्टी घरी आणून मी ती सगळी काठी पडताळली, तेव्हा अर्ध्या मिलिमीटरचाही फरक निघाला नाही. मग आतल्या खोलीच्या दाराशेजारी चार स्क्रूंनी ती भिंतीवर बसवली.

महिन्याच्या पहिल्या रविवारी मोजणी. अनवाणी उभं राहायचं, टाचा भिंतीला, हनुवटी सरळ, श्वास घ्यायचा आणि सोडायचा. मी सरकती फळी हळूच तिच्या केसांवर टेकवायचो. ती डोळे मिटून उभी राहायची, फोटो काढताना जुनी माणसं राहतात तशी. मी आकडा मोठ्याने सांगायचो आणि वर ओरडायचो, “पास!” मग ती धावत जाऊन भिंतीवरच्या लांब कागदावर त्या महिन्याचा चौकोन रंगवायची. आधीच्या महिन्यापेक्षा थोडा वर, मग त्याहून थोडा वर. कागदावर एक जिना तयार होत होता. तिला तो जिना फार आवडायचा, आणि मलाही.

ती साडेचार वर्षांची असताना एका महिन्यात आकडा हलला नाही. नव्व्याण्णव होते, नव्व्याण्णवच राहिले. होतं असं, मुलं थांबून थांबून वाढतात, मी म्हणालो. पुढच्या महिन्यातही नव्व्याण्णव. त्याच्या पुढच्या महिन्यात मी फळी टेकवली, खाली वाकून पाहिलं आणि पुन्हा पाहिलं. टिल्लीने एक डोळा उघडला.

“बाबा, मी नापास?”

ती हे रडून म्हणाली असती तर कदाचित मी सांभाळून घेतलं असतं. पण तिने ते अगदी समजूतदारपणे विचारलं. बाहुलीसारखी आपल्या पोटावरही फुली येणार, याची तिने तयारीच केली होती. माझ्या तोंडून निघून गेलं, “नव्व्याण्णव पूर्णांक चार. पास!”

ती नाचत कागदाकडे गेली. चार मिलिमीटर. कारखान्यात चार मिलिमीटरची थाप कुणी मारली असती तर मी त्याला गेटाबाहेर काढलं असतं.

खोट्या आकड्याचा त्रास असा की तो एकदा लिहिला की त्याला पोसावं लागतं. पुढच्या महिन्यात ती खरोखर दोन मिलिमीटर वाढली होती, पण मी आधीच चार लिहिले होते. आता खरं लिहिलं असतं तर पोर आक्रसली असं दिसलं असतं. म्हणून मी आणखी वर लिहिलं. त्याच्या पुढच्या महिन्यात आणखी. आमच्या धंद्यात याला साठत जाणारी चूक म्हणतात आणि नव्या पोरांना मी पहिल्याच आठवड्यात तिच्याबद्दल दम देतो. घरी मी तीच चूक दर पहिल्या रविवारी, पोटच्या पोरीच्या डोक्यावर फळी टेकवून करत होतो.

मला कळत नव्हतं का? सगळं कळत होतं. शाळेच्या फाटकाशी तिच्या वर्गातली पोरं माझ्यासमोरून जायची आणि माझे डोळे आपोआप त्यांना मोजायचे. मग मी मनाला सांगायचो, हीच पोरं जरा जास्त उंच आहेत, हल्ली मुलांना काय खायला घालतात कोण जाणे. मी स्वतः दहा वर्षांचा होईपर्यंत बुटका होतो आणि मग एकदम उसळलो, असं माझी आई सांगायची. त्या एका वाक्यावर मी दीड वर्ष काढलं. हात धुवायच्या बेसिनपाशी मी टिल्लीसाठी एक स्टूल करून ठेवलं होतं, तेव्हा बायकोला म्हणालो होतो की सहा महिन्यांत हे लागणार नाही. दोन वर्षं झाली तरी ती त्यावर चढूनच नळ सोडत होती, आणि मी त्या स्टुलाकडे न बघता दात घासायला शिकलो होतो.

बायकोला का नाही सांगितलं? पहिले दोन महिने लाज वाटली म्हणून. नंतर भीती वाटली म्हणून. याहून चांगलं कारण माझ्याकडे नाही.

तिला संशय आला होता, तेही सांगायला हवं. टिल्लीचे फ्रॉक ती स्वतः शिवायची आणि खाली तीन बोटं कापड दुमडून ठेवायची. पोर वाढली की दुमड उसवायची, फ्रॉक लांब होतो. एका दुपारी ती मांडीवर फ्रॉक घेऊन बसली होती.

“अहो, हा मागच्या वर्षीचा ना?”

“असेल.”

“याची दुमड मी अजून सोडलीच नाही. तरी गुडघ्याखाली येतो.”

“कापड ताणलं असेल.”

“सुती कापड ताणत नाही, आक्रसतं.” तिने दुमड बोटांनी चाचपली. “या महिन्यात किती वाढली म्हणालात?”

“सहा मिलिमीटर.”

तिने भिंतीवरच्या जिन्याकडे पाहिलं. जिना झोकात वर चढत होता. “मग मीच मुळात लांब शिवला असेन,” ती म्हणाली. “तुमच्या मापापुढे मी काय बोलणार, सूतमास्तर!” आणि हसून तिने फ्रॉकची घडी घातली. मीही हसलो. तेव्हा बोललो असतो तर, हा विचार मी आता दिवसातून किती वेळा करतो ते विचारू नका.

मग शाळेत तपासणी झाली. टिल्लीच्या दप्तरातून आरोग्यबाईंची एक चिठ्ठी आली. वजन एवढं, दात ठीक, डोळे ठीक, उंची एकशे तीन, वयाच्या मानाने कमी, मुलांच्या डॉक्टरांना दाखवावे. आमच्या कागदावर एकशे नऊ होते.

बायकोचा पारा चढला. “एकशे तीन? सहा सेंटीमीटर खाऊन टाकले? यांना साधं मोजता येत नाही आणि निघाल्या डॉक्टरकडे पाठवायला! उद्या तुम्ही अर्धी रजा टाका. आपण दोघं जाऊ.”

“अगं, जाऊ दे ना.”

“का जाऊ दे? पोरीच्या नावावर खोटं लिहिलंय.”

खोटं लिहिलंय, हे शब्द ती शाळेबद्दल बोलत होती. मी पाणी प्यायलो आणि हो म्हणालो.

शाळेच्या आरोग्यबाईंची खोली लहान होती. एक खाट, वजनकाटा, भिंतीला लावलेली पत्र्याची पट्टी. बाई दमलेल्या होत्या, पण सभ्य. बायकोने त्यांना माझं काम सांगितलं, बावीस वर्षं सांगितली, थंड खोली सांगितली, दर महिन्याची मोजणी सांगितली. “यांच्या हातून केस निसटत नाही,” ती म्हणाली. “तुमची पट्टीच तपासून घ्या.” मी खिडकीबाहेर बघत होतो. कधी नव्हे ते माझं इतकं कौतुक चाललं होतं आणि मला जमीन दुभंगली तर बरं असं झालं होतं.

“मग साहेबांनाच मोजू द्या ना,” आरोग्यबाई म्हणाल्या. “तुमच्याच टेपने मोजा.”

माझ्या खिशात पोलादी टेप कायम असते. टिल्ली स्वतःहून अनवाणी झाली, टाचा भिंतीला लावल्या, हनुवटी सरळ केली, डोळे मिटले. मी वही आडवी धरून तिच्या डोक्यावर टेकवली, भिंतीवर नख लावलं आणि टेप सोडली.

“किती?” बायकोने विचारलं.

“एकशे तीन.”

“नीट बघा.”

“नीटच बघतोय. एकशे तीन.”

बायकोने आरोग्यबाईंची दोनदा माफी मागितली. टिल्ली बूट घालता घालता म्हणाली, “बाबा, इथे पास नाही म्हणायचं का?”

बायको तशीच दुकानात गेली. टिल्लीला घेऊन मी घरी आलो. डोक्यात एकच गोष्ट होती: संध्याकाळी बायको विचारणार, असं कसं झालं? खरं सांगायला माझ्यापाशी तीन तास होते. त्या तीन तासांत मी काय केलं ते सांगतो.

मी मोजकाठीचे चारही स्क्रू काढले. काठी गॅलरीत टेबलावर आडवी घातली. खालच्या टोकापासून सहा सेंटीमीटर मोजले, काटकोनाचा गुण्या लावून रेघ ओढली आणि करवत घेतली. तेवढी कापली की काठी सहा सेंटीमीटर खाली बसणार, आकडे जास्त दाखवणार, आणि चूक काठीची होणार.

“बाबा, माझी उंची कापतोयस?” टिल्लीने विचारलं.

“नाही गं. काठीची.”

“मी धरू?”

तिने दुसरं टोक दोन्ही हातांनी घट्ट धरलं. मी कापलं. इतकी सरळ कापणी माझ्या हातून आयुष्यात झाली नव्हती. तिने कापलेली कड पॉलिश पेपरने घासून दिली. स्क्रूची जुनी भोकं मी सरस आणि भुसा भरून बुजवली, नवी पाडली, काठी पुन्हा भिंतीवर लावली. टिल्लीला उभं केलं. एकशे नऊ. मी तीन रविवार खपून केलेली, घरातली एकमेव खरी वस्तू अर्ध्या तासात खोटी केली होती. हाताला सवय असते.

संध्याकाळी बायकोला म्हणालो, “चूक सापडली. भिंतीच्या पायथ्याची फरशी आड येत होती म्हणून लावताना मी खालचा तुकडा कापला होता. आकडे दुरुस्त करायचे राहिले. पहिल्या दिवसापासून प्रत्येक माप सहाने जास्त आहे.”

ती खुर्चीत बसली. मला वाटलं, आता रडेल. पण ती हसायला लागली, डोळे भरून हसायला लागली. “म्हणजे बुटकी आहे, पण वाढतेय! दर महिन्याला वाढतेय! मी दिवसभर नको नको ते मनात आणलं.” मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, “तोंड कशाला पाडता? बावीस वर्षं जगाला नापास केलंत, एकदा तुम्ही झालात. होतं माणसाच्या हातून.” त्या दिवशी मी पोटभर जेवलो. हेही लिहून ठेवतो.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडे गेलो. मुलांच्या डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी टिल्लीला मोजलं, हाताचे पंजे पाहिले, दात पाहिले. लहानपणीच्या कार्डावर नुसती वजनं होती. “आधीची उंची कुठे नोंदलेली आहे का?” त्यांनी विचारलं.

“आहे ना!” बायकोने पिशवीतून भिंतीवरचा कागद काढून टेबलावर उलगडला. “फक्त प्रत्येक आकड्यातून सहा वजा करायचे. काठी चुकीची होती. पण वाढ बघा, गेल्या दीड वर्षात एक महिना चुकलेली नाही.”

डॉक्टरीणबाईंनी पेनाच्या टोकाने चौकोन मोजले. “साधारण दीड वर्षात दहा सेंटीमीटर. वेग चांगला आहे.” त्यांनी चष्मा काढला. “उंचीपेक्षा आम्ही वेग बघतो. काही मुलं मुळातच लहान चणीची असतात. उगाच सुया टोचायला नकोत. वर्षभर थांबू, मग पुन्हा बघू.”

बायकोने इतका मोठा श्वास सोडला की टिल्लीने तिच्याकडे पाहिलं. टिल्ली उंच खुर्चीवर बसली होती आणि तिचे पाय हवेत हलत होते.

“वेग चांगला नसता तर?” मी विचारलं.

“तर आजच तपासण्या लिहून दिल्या असत्या. उपाय आहे त्यावर. पण हाडं कायम कोवळी राहत नाहीत. वाया गेलेलं वर्ष सगळं भरून निघेलच असं नाही.”

बायको कागदाची गुंडाळी करत होती. ती तो कागद फार जपून गुंडाळत होती. मला वाटलं, वर्षभराने येऊ, तोवर मी हळूहळू खरे आकडे लिहीन, कुणाला कळणार नाही. हा विचार मी केला. पुरा केला. मग टिल्लीचे ते हलणारे पाय पाहिले आणि म्हणालो, “कागद खोटा आहे.”

“अहो, सहा वजा केले ना आपण,” बायको म्हणाली.

“तसा नाही. शेवटचे एकोणीस महिने मी मनाचे आकडे लिहिले. खरे मला पाठ आहेत. लिहून घ्या.”

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि पेन उचललं. मी आकडा थांबला तिथपासून सांगायला लागलो. नव्व्याण्णव. नव्व्याण्णव. नव्व्याण्णव. नव्व्याण्णव पूर्णांक दोन. नव्व्याण्णव पूर्णांक चार. पुन्हा नव्व्याण्णव पूर्णांक चार. कुठे अडखळलो नाही. अडखळलो असतो तर बरं झालं असतं. विसरलो असतो, अंदाजे सांगितलं असतं, तर मी एक मायाळू, गाफील बाप ठरलो असतो. पण दर महिन्याचा आकडा मिलिमीटरसकट माझ्या तोंडून बाहेर पडत होता, आणि प्रत्येक आकड्याबरोबर बायकोला कळत होतं की तो मला त्या महिन्यातही माहीत होता. सातव्या आकड्यापर्यंत ती माझ्याकडे बघत होती. मग तिने नजर खाली केली आणि पुन्हा वर केली नाही.

“एकोणीस महिन्यांत चार सेंटीमीटर,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “आणि काठी?”

“काठी बरोबर होती. मी ती मागच्या आठवड्यात कापली.”

“मी धरली होती,” टिल्लीने अभिमानाने सांगितलं.

बायको दवाखान्याच्या जिन्यापर्यंत टिल्लीचा हात धरून पुढे चालली. जिन्यावर थांबली. “ती दुमड,” ती म्हणाली. “मी विचारलं होतं तुम्हाला. माझा हात मला सांगत होता की पोर वाढत नाही. तुमच्या आकड्यापुढे मी माझा हात खोटा मानला.” एवढंच. आरडाओरडा केला असता तर मला सोपं गेलं असतं.

तपासण्यांत दोष सापडला. वाढीला लागणारा रस टिल्लीच्या अंगात पुरेसा तयार होत नाही. रोज रात्री जेवणानंतर एक बारीक सुई, आणि ती बरीच वर्षं. दीड वर्ष आधी सुरू झालं असतं तर जास्त बरं झालं असतं, असं डॉक्टरीणबाई एकदाच म्हणाल्या, आणि तेही माझ्याकडे न बघता. सुई बायको टोचते. टिल्ली रडत नाही, फक्त पायाची बोटं आवळते.

घर बाहेरून पूर्वीसारखंच चाललं आहे. बायको मला जेवायला वाढते, कपडे इस्त्री करून ठेवते, दुकानातल्या गोष्टीही थोड्याफार सांगते. पण मी म्हणालो की पावणेआठ झाले, तर ती मान वळवून घड्याळ बघते. मी म्हणालो की गॅस बंद केला, तर उठून जाऊन बघून येते. ती हे मला टोचावं म्हणून करत नाही, ते मला दिसतं. म्हणूनच जास्त लागतं. कारखान्यात फुली मारताना आता माझा खडू रेंगाळतो. परवा एक दांडा मी चारदा मोजला.

सुया सुरू झाल्यावर महिन्याने मोजणी आली. बायकोने दुकानात सांगून रविवारची सकाळ मोकळी करून घेतली होती. काठी भिंतीवरून केव्हाच गेली होती. तिने आपली शिवणाची टेप भिंतीला चिकटवली आणि मला म्हणाली, “तुम्ही गॅलरीत थांबा.” मी रंधा हातात घेऊन उभा राहिलो, समोर लाकूड नव्हतं. दार उघडंच होतं. पहिल्या महिन्यात फरक दिसणार नाही, हे डॉक्टरीणबाईंनी आम्हाला आधी सांगितलं होतं. टिल्लीला कुणी सांगितलं नव्हतं.

ती डोळे मिटून उभी राहिली. बायकोने डोक्यावर पुठ्ठा टेकवला. मी न बघताही मला दिसत होतं की ती पोरीच्या तोंडाकडे बघते आहे.

“एकशे तीन,” बायको म्हणाली. आवाज कापरा होता, पण आकडा स्वच्छ होता.

“म्हणजे वाढले?”

“नाही, बाळा. तेवढीच आहेस.”

टिल्लीने आधी आईकडे पाहिलं, मग टेपकडे. मग तिचा बांध फुटला. रोजच्या सुईला न रडलेली पोर हुंदके देत गॅलरीत आली आणि माझी विजार दोन्ही मुठींत धरून म्हणाली, “बाबा, तू मोज. आईला येत नाही. रोज टोचून पण मी तेवढीच आहे. तू मोजलंस की मी वाढते.”

बायको दारात येऊन उभी राहिली. त्या महिन्यात पहिल्यांदाच तिने माझ्याकडे सरळ पाहिलं. ती वाट बघत होती.

मी खाली बसलो. टिल्लीचं तोंड माझ्या तोंडासमोर आलं, ओलं, लाल, आशेने भरलेलं.

“आईला येतं,” मी म्हणालो. “आई सांगते तेच खरं.”

“नाही! तू मोज!”

“मी नाही मोजणार, टिल्ली.”

तिने मुठी सोडल्या. माझ्याकडे पाठ फिरवली आणि आईकडे जाऊन हात वर केले. सहा वर्षांची मुलगी. बायकोने वाकून एका हाताने तिला सहज कडेवर घेतलं.